अर्थिंगच्या भोकात वायर टाकायला काय जातं तुमचं?

थ्री-पिन सॉकेट लावायचं, वरच्या मोठ्या भोकात वायरच टाकायची नाही, आणि फिटिंगचे पूर्ण पैसे मोजून घ्यायचे. डोकं फिरतं नुसतं! आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात कोणाच्याही घरचा बोर्ड उघडा. फेज आहे, न्यूट्रल आहे, हिरव्या वायरीचा पत्ता नाही. काही घरांत तर ती वायर बोर्डापर्यंत आणलेली आहे आणि आत गुंडाळी करून चिकटपट्टी मारून ठेवलेली आहे. दुसरं टोक कुठेच गेलेलं नाही.

मी घरी हेडफोनसाठी ट्यूबचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या व्हॉल्व्हचा, ॲम्प (ॲम्प्लिफायर) बनवलाय. दोन्ही चॅनेलला ईसीसी ८८ च्या वेगळ्या ट्यूब, नागपूरहून बनवून आणलेला ट्रान्सफॉर्मर, ॲल्युमिनियमची चॅसिस, म्हणजे पत्र्याचं खोकं. चालू केला की गाण्याच्या खाली सतत भणभण. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, ट्यूब बदल. अरे, ट्यूब बदलायच्या आधी बघायची काही रीत असते की नाही? डावीकडची उजवीकडे लावायची. आवाज ट्यूबच्या मागे गेला तर ट्यूब खराब. भणभण तर माझ्या दोन्ही कानांत सारखी आहे! हीटरच्या, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या फिलामेंटच्या, तारा पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्यातून नेल्यात, दोन १०० ओहमचे रजिस्टन्स लावून त्यांचा मध्य ग्राउंडला दिलाय, सगळी ग्राउंडं एकाच ठिकाणी आणलीत. इनपुट शॉर्ट केला, म्हणजे त्याची दोन टोकं एकमेकांना जोडली, की ॲम्प एकदम शांत. लॅपटॉप जोडला की भणभण. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला आणि बॅटरीवर गाणं लावलं की परत शांत. आता सांगा, यात ट्यूबचा काय संबंध?

चार्जरच्या आत फिल्टरचे छोटे कंडेन्सर असतात. फेजकडून एक, न्यूट्रलकडून एक, दोन्ही अर्थच्या पिनवर येतात. ती पिन जमिनीला जोडलेली असली तर काही त्रास नाही. ती लोंबकळत असली की मधला बिंदू २३० च्या अर्ध्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. लॅपटॉपच्या पत्र्यावर बोट फिरवलं की झिणझिण्या येतात ना, त्या ह्याच. करंट अगदी थोडा असतो, पण तो ऑडिओ केबलच्या बाहेरच्या, तारेच्या जाळीतून ॲम्पमध्ये शिरतो, आणि पुढे ट्यूब तो इमानदारीनं मोठा करून कानात ओतते.

त्या भणभणीत १०० हर्ट्झचा सूर ठळक आहे. मी बहुतेक शास्त्रीय ऐकतो. गायकाचा षड्ज (सा) पेटीच्या काळी एकचा असला, म्हणजे १३९ हर्ट्झच्या जवळ, तर तानपुऱ्याचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, १०४ च्या आसपास येतो. त्याच्या शेजारी हा १०० चा उतरलेला, बेसूर पंचम अखंड वाजत राहतो. जुळलेल्या तानपुऱ्याची अशी वाट लागताना ऐकवत नाही हो. जीव तुटतो.

वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "भाऊ, लाईट लागून रायला ना? मंग अर्थिंग कायले पाह्यजे?" मी हटून बसलो तेव्हा त्यानं तोडगा काढला, "न्यूट्रललेच जम्पर मारून देतो, तुमाले अर्थिंग भेटून जाईन." सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र! कळतं का याला आपण काय बोलतोय? उद्या वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला, की चालू असलेल्या पंख्याबल्बातून फेज फिरून येणार आणि थेट माझ्या चॅसिसवर, फ्रिजवर, मिक्सरवर, जिथे जिथे तो जम्पर आहे तिथे तिथे येऊन बसणार. अर्थिंग नसण्यापेक्षा हे वाईट. आणि गावात कितीतरी बोर्डांत हे करून ठेवलेलं आहे.

दुसरे शहाणे याच्या उलट सांगतात. अर्थची पिनच काढून टाक म्हणे, भणभण जाते. जातेही कधीकधी. पण आत २०० व्होल्टच्या वर डीसी आहे, मेनचा ट्रान्सफॉर्मर पत्र्याला बोल्टनं आवळलेला आहे, आणि माणूस डोक्याला हेडफोन लावून बसलेला आहे. ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन गेलं तर फ्यूज उडायला करंटला जमिनीकडे वाट पाहिजे. ती वाट तुम्ही काढून टाकली, तर मधे माणूसच उरतो. असले सल्ले देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

व्होल्टेजचं दुखणं वेगळंच. शेतीची लाईन आली की विहिरीविहिरीवरचे पंप ऑटोवर एकदम उठतात आणि माझ्या घरातलं व्होल्टेज १७० वर बसतं. ६.३ व्होल्टचा हीटर मग साडेचारच्या जरा वर जळतो, आवाज पातळ होतो, फाटतो. ते मी स्टॅबिलायझर लावून निभावून नेईन. अर्थिंग मात्र विकत आणून टेबलावर ठेवता येत नाही.

आणि विषय काय एकट्या माझ्या ॲम्पचा आहे? आमच्या विदर्भात एप्रिल-मे कूलरशिवाय निघत नाहीत. लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली पाण्याची टाकी, आत मोटर, बाहेर ओली फरशी. घरोघरी पोरांना सांगून ठेवलेलं असतं, चप्पल घालून पाणी टाक, कूलर करंट मारते. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, आणि आपण चप्पल घालतो! चपलेवर घर चालवायचं का?

कामाला लागतं तरी काय? खड्डा, पाईप, कोळसा, मीठ आणि तिथून मेनबोर्डापर्यंत एक सलग वायर. आपली काळी माती ओलावा धरते, अर्थिंगला चांगली. फक्त उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, खड्डा सुकतो, तेव्हा त्यात बादलीभर पाणी ओतत राहावं लागतं. एवढं सांगायचे कष्टसुद्धा कोणी घेत नाही.

मी खड्डा घेतोय. तुमच्याकडे नवीन फिटिंग चालू असेल तर वायरमनला बोर्ड उघडायला लावा आणि आत जम्पर नाही ना ते आधी पाहा. मग त्याच्याच हातानं १०० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब (एलईडी नाही) फेज आणि अर्थच्या मधे लावून घ्या. न्यूट्रलवर लागतो तितकाच लख्ख लागला पाहिजे. मिणमिणला तर त्याला एक रुपया देऊ नका.