पोपडे बघून चित्र होतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

ओल आलेली भिंत, गंजका पत्रा, पावसाळ्यात छपरांवर चढणारी निळी ताडपत्री यांच्यात अमूर्त चित्रासाठी, म्हणजे ओळखू येणारी वस्तू न दाखवणाऱ्या चित्रासाठी, काय काय सापडतं, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. पोपडे बघून पोपडे रंगवणं ही नक्कल झाली. खरं अमूर्त आतून येतं, अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे काही भिंती बघत हिंडले नाहीत. आणि अशा लेखांमुळे मोबाइलवर गंजाचे फोटो काढणारा जो तो स्वतःला चित्रकार समजू लागतो.

आधी गायतोंड्यांचं बोलू. अमूर्ताचा वाद निघाला की आपल्याकडे पहिला दाखला त्यांचाच, आणि तोही गुहेत बसलेल्या ऋषीसारखा. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडलेल्या या माणसाने सुरुवातीच्या काळात बसोली (पहाडी शैलीतली) आणि जैन लघुचित्रं बारकाईने पाहिली होती. त्यांतल्या आकृत्या वगळून फक्त रंगांची प्रमाणं बघू लागलो, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. समोर काहीतरी होतंच ना? त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. पुढे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवताना-उतरवताना कागदाचे फाडलेले तुकडेही ते वापरत. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे. ज्या आकारांना आपण गूढ चिन्हं म्हणतो, त्यांतल्या कितीएकांची सुरुवात घरच्या रद्दीत आहे! ते समुद्र किंवा भिंत रंगवत नव्हते, हे तुमचं म्हणणं बरोबरच. पण डोळे मिटून बसले होते, हे मला पटत नाही.

आता नक्कल. डागाळलेल्या भिंतींकडे बघत राहा, असा सल्ला लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना दिला होता. त्याला तिथे डोंगर, नद्या, लढाया दिसायला हव्या होत्या. अमूर्तवाल्याचं काम नेमकं उलटं आहे. डागात घोडा दिसला की तो घोडा डोक्यातून घालवायचा आणि मग उरतं ते बघायचं. हे फार अवघड जातं, कारण आपला डोळा सतत नाव शोधत असतो. तुम्ही ज्याला पोपडे रंगवणं म्हणता, ते नाव सुटलं नाही की होतं. तशी चित्रं मीही प्रदर्शनांतून पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल तुमचं-माझं भांडण नाही.

भिंत राहू दे, दुसरं उदाहरण घेऊ. उन्हाळ्याच्या शेवटी कोकणात किंवा मावळात भाताच्या खाचरांकडे उंचावरून बघा. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून राब भाजलेला असतो. पिवळट-तपकिरी खाचरांत मधेच एक काळा तुकडा. तो एकसारखा काळा नसतो. कडेला राख उडून पांढुरकं झालेलं असतं, कुठे माती भाजून तांबूस. बांध वळतो तशी कड वळते, त्यामुळे एकही रेघ सरळ नसते. आणि एवढासा काळा तुकडा आजूबाजूच्या दहापट मोठ्या रिकाम्या जागेला भारी पडतो. का भारी पडतो? सगळा अभ्यास या प्रश्नात आहे. पाऊस पडून रोप उगवलं की तोच तुकडा गर्द हिरवा होतो, बाकीची खाचरं तशीच ओकीबोकी. आकार तोच, पण वजन बदललं. मी यावरून काम केलं तेव्हा धूर, बांध, डोंगर गेले, आणि शेवटी काळाही गेला. त्या जागी एक मळकट जांभळा आला, कारण त्या कागदावर काळा नुसता भोकासारखा दिसत होता. राब ओळखू येईल असं त्या चित्रात काही उरलेलं नाही. ही नक्कल असेल तर कशाची, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

डच अमूर्त चित्रकार मोंद्रियाननेही हेच केलं. १९०८ च्या सुमाराचं लाल झाड, १९११ चं राखाडी झाड, १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं झाड एका ओळीत लावून बघा. फांद्या पातळ होत होत नुसत्या कमानी उरतात. १९१५ पर्यंत त्याच्या चित्रातला बंदराचा धक्का आणि समुद्र म्हणजे आडव्या-उभ्या छोट्या रेघा. पुढे तर झाड, समुद्र सगळंच सुटलं. तरी शेवटी न्यूयॉर्कला गेल्यावर तिथले रस्ते आणि जाझ संगीत १९४२-४३ च्या चित्रात शिरलंच.

राहता राहिले फोटो. नसरीन मोहमदी नाव तुम्हाला नवं नसणार. पेन्सिल, शाई आणि ड्राफ्टिंगची हत्यारं घेऊन कागदावर अतिशय काटेकोर रेघा ओढणारी ही चित्रकर्ती सतत फोटो काढत असे. रस्त्यावरचे पट्टे, मागावरचा ताणा, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, समुद्राची कड. अलिबागजवळच्या किहीमशी तिचं नातं शेवटपर्यंत होतं. १९९० मध्ये तिचं निधनही तिथेच झालं. हे फोटो तिने हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत, आणि अमुक फोटोवरून तमुक रेखाटन अशी जोडीही सहसा लावता येत नाही. फोटोत नजर तयार होत होती, रेखाटनाचा हिशेब कागदावर वेगळा चालला होता. म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी फोटो काढू देतो, पण काम करताना फोन पिशवीत ठेवायला लावतो. फोटो समोर उभा करून उतरवून काढला, तर तुमचा पहिला आक्षेप शंभर टक्के लागू.

आणि कुणी तेवढ्यावर स्वतःला चित्रकार समजलं, तर समजू दे. ही मंडळी निदान एका गंजक्या पत्र्यासमोर पाच मिनिटं थांबतात. मुंबईच्या जहांगीर कलादालनात एका चित्रासमोर तेवढा वेळ किती जण थांबतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.