मागचे ॲप उडवून बॅटरी वाचत नाही: फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यानुसार उत्तर

सातारा, कराड, वाईकडचा कुठलाही ग्रुप उघडा, "बॅटरी दुप्पट चालवायचे उपाय" असा एक लांबलचक मेसेज सापडतोच. मेसेज थोडक्यात असा: सारखं सारखं मागचे सगळे ॲप उडवत रहा, बॅटरी शून्यावर आल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, रात्रभर चार्जिंगला ठेवली तर बॅटरी फुटते, डार्क मोडनं निम्मी बॅटरी वाचते, फोन तापला की फ्रीजमध्ये ठेवा, बॅटरी सेव्हर ॲप टाका, आणि शेवटी एक कोड दाबा म्हणजे कंपनीनं लपवलेली बॅटरी चालू होते. यातलं बरंचसं चुकीचं आहेच, पण मला खरी काळजी वेगळीच आहे, यातल्या काही सल्ल्यांनी चांगली बॅटरी खराब होते, आणि ज्या घरात एकाच फोनवर पोरांचा अभ्यास, बँकेचे ओटीपी, डेअरीचा हिशोब सगळं चालतं तिथं नवीन बॅटरी टाकायचा खर्च जड जातो हो.

आधी सगळ्यात लोकप्रिय मुद्दा, मागचे ॲप उडवायचा. चौकोनी बटण दाबल्यावर जे ॲप दिसतात ते सगळे चालू असतात असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं, ती नुसती अलीकडं काय काय उघडलं होतं त्याची यादी असते आणि त्यातले बहुतेक ॲप फोननं जागच्या जागी गोठवून ठेवलेले असतात. रॅम, म्हणजे उघडलेले ॲप तात्पुरते ठेवायची फोनची मेमरी, भरलेली असो की रिकामी, तिला वीज जवळपास तेवढीच लागते. उलट तुम्ही व्हॉट्सॲप उडवलं आणि दोन मिनिटांनी परत उघडलं तर ते पहिल्यापासून लोड करायला प्रोसेसरला जास्त काम पडतं, म्हणजे वाचवायला गेलो आणि जास्तच गेली. हे मी मनानं सांगत नाहीये, २०१६ मध्ये ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरीगी यांना एका ग्राहकानं ईमेलवर हेच विचारलं होतं, त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, आणि अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याला दुजोरा दिला. अँड्रॉइडमध्ये तर २०१५ च्या मार्शमॅलो आवृत्तीपासून डोझ नावाची सोय आहे, फोन पडून असला की ती ॲपचं नेट वगैरे आपोआप आवरते, आणि २०१८ च्या 'पाय' (Pie) आवृत्तीपासून अॅडॅप्टिव्ह बॅटरी आली, तुम्ही क्वचित वापरता त्या ॲपला ती मागं रेटते. मग उडवायचं कधी? मॅपचं नेव्हिगेशन मागं चालू राहिलं असेल, किंवा एखादं ॲप अडकून फोन तापत असेल तर तेवढंच एक बंद करा. कुठलं ते सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर दिसतं, कुणी किती टक्के खाल्ली ते तिथं लिहिलेलंच असतं, आणि बऱ्याचदा सगळ्यात वर रील्सचं नाहीतर व्हिडिओचं ॲप निघतं कारण स्क्रीन त्याच्यावरच चालू असते.

"शून्यावर आणूनच चार्ज करा" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा आहे. त्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची सवय लागायची आणि क्षमता घटल्यासारखी व्हायची. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आज आपल्या सगळ्यांच्या खिशात तीच किंवा तिचीच पुढची आवृत्ती आहे, आणि तिला ही भानगड नाही. तिला उलट पार उतरणं सोसत नाही, आणि सतत शंभरला टेकून राहणंही सोसत नाही, वीस ते ऐंशीच्या मधे ती सगळ्यात जास्त टिकते. काहीजण म्हणतात वारंवार चार्जिंगला लावलं की सायकल संपतात. अहो सायकल म्हणजे पूर्ण शंभर टक्के वापर, आज पन्नास वापरून भरली आणि उद्या पन्नास, तेव्हा कुठं एक सायकल होते, पिन किती वेळा लावली याचा तिथं हिशोबच नाही. ॲपल आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राहील असं सांगतं आणि १५ पासून १००० सायकल. तेव्हा चाळीसला असताना पिन लावली तर बिनधास्त लावा, आजी-आजोबांना तर हे नक्की सांगा, ते बिचारे दोन टक्के होईपर्यंत वाट बघतात आणि नेमका तेव्हाच फोन करायची गरज पडते.

रात्रभर चार्जिंगचा मुद्दा अर्धा बरोबर आहे म्हणून सावकाश सांगतो. शंभर झाल्यावर फोनमधलं सर्किट स्वतःच करंट थांबवतं, त्यामुळं जास्त भरून फुटली असं चांगल्या फोनमध्ये होत नाही. पण रात्रभर शंभरवर राहून बॅटरी हळूहळू थकते हे खरंय, म्हणून आता बऱ्याच फोनमध्ये ऐंशीला थांबायचं किंवा पहाटेपर्यंत सावकाश भरायचं सेटिंग असतं, बॅटरी प्रोटेक्शन किंवा ऑप्टिमाइज्ड चार्जिंग अशा नावानं, ते चालू करून टाका. धोका दुसरीकडं आहे, उशीखाली, गोधडीत फोन ठेवून चार्ज करणं, उष्णता बाहेर पडायला जागाच नसते, आणि रस्त्यावर मिळणारा बिननावाचा चार्जर. भारतात मोबाईल चार्जर आणि बॅटरीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे, चार्जरवर बीआयएसची खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघूनच घ्या. आणि बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं दिसलं तर त्या फोनला अजिबात चार्ज करू नका.

डार्क मोड. ओएलईडी किंवा अमोलेड स्क्रीन असेल तरच फायदा, कारण तिथं काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये एलसीडी असते, तिच्यामागं दिवा सतत जळतच असतो, मग वर काळं दाखवा नाहीतर पांढरं. आणि ओएलईडीवरही निम्मी वगैरे नाही, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये मोजून बघितलं तर घरात आपण ठेवतो तशा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर बचत सरासरी ३ ते ९ टक्के आली, पूर्ण ब्राइटनेसवर मात्र ३९ ते ४७. म्हणून डार्क मोड डोळ्यांना बरा वाटत असेल तर लावा, पण बॅटरीसाठी आधी ब्राइटनेस खाली ओढा आणि स्क्रीन तीस सेकंदात बंद होऊ द्या.

फ्रीज! हा सल्ला तर कृपा करून पुढं पाठवू नका. गार फोन बाहेर काढला की दमट हवेतलं पाणी त्याच्यावर आणि आत जमतं, पावसाळ्यात तर जास्तच, आणि फ्रीजरमध्ये ठेवून वर चार्जिंगला लावलं तर आत लिथियमचा थर बसून बॅटरी कायमची बिघडते. उष्णता बॅटरीची वैरी आहे हे मात्र शंभर टक्के खरं. ॲपल स्वतः ० ते ३५ अंशात फोन वापरायला सांगतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये फलटण, म्हसवडकडं पारा चाळिशीला टेकतो, त्यात गाडीच्या हँडलवर होल्डरमध्ये फोन, मॅप चालू, ब्राइटनेस फुल आणि खालून चार्जिंग, मग तो तापणार नाही तर काय. चार्जिंग काढा, कव्हर काढा, सावलीत ठेवा, पंख्याखाली ठेवा, बास.

बॅटरी सेव्हर ॲपचं थोडक्यात: फोनमध्ये तसं सेटिंग आधीच आहे. वरून टाकलेलं ॲप स्वतः मागं चालतं, जाहिराती दाखवतं आणि कॉन्टॅक्टपासून सगळ्या परवानग्या मागतं. काढून टाका.

कोडचा किस्सा लय जुना आहे. स्टार ३३७० हॅश हा जुन्या नोकियाचा कोड, त्यानं कॉलचा आवाज सुधारायचा आणि त्यापायी बॅटरी उलट लवकर उतरायची. लपवलेली बॅटरी तेव्हाही नव्हती, आताच्या फोनमध्ये तर तो कोड काही करतही नाही.

आता जे मेसेजमध्ये आलंच नाही आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त लागू पडतं ते म्हणजे रेंज. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो आणि सारखा टॉवर शोधत बसतो, खिशात नुसता पडून असला तरी. कास पठारावर फुलं बघायला गेलेल्यांची बॅटरी दुपारी का संपते, तर उन्हात ब्राइटनेस फुल, कॅमेरा सतत चालू आणि वर रेंज येते-जाते, ॲप उडवून यातलं काहीच थांबत नाही. ज्या गावात एकाच कंपनीची रेंज आहे तिथं दुसरं सिम सेटिंगमधून बंद ठेवा, ते बिनरेंजचं सिम दिवसभर शोधत राहतं. फाइव्ह-जी एक मिनिट येतंय एक मिनिट जातंय असं असेल तर फोरजीवर टाका. आणि बामणोलीहून बोटीनं वासोटा किल्ल्याला जाणार असाल तर नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करा, घरी सांगून ठेवा की संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही, आणि बोटीत बसताना फ्लाइट मोड लावा, फोटो निघतात, बहुतेक फोनमध्ये जीपीएसही चालतो, आणि उतरल्यावर घरी फोन करायला बॅटरी शिल्लक राहते.