टॅकलविना संध्याकाळ

रग्बीच्या सरावातून ज्या संध्याकाळी टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणे) वगळलेला असतो, त्या संध्याकाळी प्रशिक्षकाला आराम असतो, असा समज ज्यांच्या गळ्यात कधी शिट्टी अडकली नाही त्यांचाच असू शकतो. टॅकलमध्ये माणूस आडवा होतो आणि तो आडवा झाला याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत असते. टच रग्बीत नुसता हात लागणे पुरते, आणि तो लागला की नाही यावर खेळापेक्षा अधिक वेळ खटला चालतो. "सर, शर्टाला लागला, मला नाही!" हा युक्तिवाद मी नेहमीच ऐकतो. नियमानुसार कपड्याला, केसांना, फार काय हातातल्या चेंडूला लागलेला हातही टच धरतात, हे सांगितल्यावर केस अगदी बारीक कापलेला आरोपी माझ्याकडे अन्याय झाल्यासारखा पाहतो.

कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावून खेळायच्या टॅग रग्बीत हा वाद मिटायला हवा, कारण ओढलेली फीत हा मुद्देमालच असतो. परंतु शर्ट बाहेर काढून फिती झाकणाऱ्यांची प्रतिभा पाहिली की नियम लिहिणाऱ्यांची कीव येते.

तरीही मी हे खेळ सोडत नाही. पंधरा-पंधरांच्या खेळात चेंडू एकच असल्यामुळे कडेचा विंगर बराच वेळ वाटसरूसारखा उभा राहू शकतो; चौघांच्या संघात त्याला लपायला जागा उरत नाही. दोन आक्रमकांसमोर एकच बचावपटू ठेवला की सारा खेळ एका निर्णयावर येतो. चेंडू लवकर दिला तर बचावपटू निवांतपणे दुसऱ्याकडे सरकतो. उशीर केला तर चेंडूसह आपणच सापडतो. बचावपटूला आपल्याकडे खेचून, तो आपल्यापाशी अडकल्याच्या क्षणी पास द्यायचा असतो, तोही पुढे नव्हे. हे फळ्यावर समजावताना सर्वांच्या माना हलतात. मैदानात मात्र आमचा सर्वांत वेगवान गडी बाजूच्या मोकळ्या सोबत्याकडे न पाहता दरवेळी थेट बचावपटूच्या हातात धावत जातो आणि नंतर "पास द्यायचाच होता" असे सांगतो. अशा वेळी ओरडायचे नाही, खेळालाच शिकवू द्यायचे, हे तत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे. फक्त शिट्टीला ते अजून पटलेले नाही.

टचचा एक खरा दोष असा की बचावपटू ताठ उभे राहून हात लांब करतात आणि खऱ्या टॅकलच्या वेळीही ताठच राहतात. म्हणून टच दोन्ही हातांनी आणि कमरेखालीच करायचा, असा पोटनियम मी काढला. पाठी वाकल्या, तक्रारीही वाढल्या.

संख्या विषम निघाली की उरलेल्या एकाला कायम चेंडू असलेल्या बाजूने खेळवायचे, अशी प्रशिक्षकांची जुनी युक्ती आहे. आक्रमकांना एक माणूस जास्त मिळतो आणि त्या गड्याला बचाव करावाच लागत नाही. साहजिकच हे पद सर्वांनाच हवे असते. ते सर्वांत शेवटी येणाऱ्याला मिळते, हे संघाच्या ध्यानात आल्यापासून प्रत्येक जण कुंपणाबाहेर बुटांच्या नाड्या बांधत इतरांनी आधी आत जाण्याची वाट पाहत असतो.