शनिवार की रविवार, यावर तारण टांगू नका

आमच्या ख्रिस्ती भावकीतली दोन घरं शनिवार पाळणाऱ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली, तेव्हापासून घरच्यांशी फोनवर बोलताना एक विषय टळत नाही. शनिवारवाले म्हणतात, देवाने सातवा दिवस, म्हणजे शनिवार, विसाव्याचा ‘शब्बाथ’ म्हणून पवित्र केला, दहा आज्ञांत तो दगडावर कोरून दिला, रविवार कॉन्स्टंटाइन या रोमन बादशहाने आणला. मग माणसाची आज्ञा पाळून तुमचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कशी होणार? रविवारवाले उत्तर देतात, प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी, रविवारी, मेलेल्यांतून उठला, तुम्ही मात्र मोशेच्या नियमशास्त्राच्या जोखडाखाली परत गेलात, कृपेतून पडलात. वाद वाराचा असतो, पण शेवटी दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या तारणावरच बोट ठेवतात. एका घरातली सोयरीक यावरून अडली आहे. प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, कोणी बसायचं यावरून वादावादी झाली आहे. मला याचं फार दुःख होतं.

मी जर्मनीत परिचारिका आहे. या देशात रविवार संविधानाने राखलेला आहे. १९१९ च्या वायमार संविधानातलं १३९ वं कलम सांगतं की रविवार आणि सरकारमान्य सण हे कामापासून विसाव्याचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने सुरक्षित राहतील. १९४९ च्या मूलभूत कायद्याने ते कलम जसंच्या तसं उचललं. हे नुसतं कागदावर नाही. बर्लिन राज्याने नाताळाआधीच्या चारही आगमनकाळातल्या रविवारी दुकानं उघडायला मुभा दिली, तेव्हा प्रोटेस्टंट आणि कॅथलिक चर्च सर्वोच्च घटना न्यायालयात गेली आणि १ डिसेंबर २००९ च्या निकालात जिंकली. सुपरमार्केट बंद, भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काच गोळा करायच्या पेटीत टाकायच्या नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, शब्बाथ पाळणारं राष्ट्र असावं तर असं.

आणि चर्च बऱ्यापैकी रिकामी. २०२२ पर्यंत दोन्ही मोठ्या चर्चच्या सभासदांची बेरीज देशाच्या निम्म्या लोकसंख्येखाली गेली. जे सभासद आहेत त्यांतलेही बहुतेक रविवारी उपासनेला येत नाहीत. दिवस इतका काटेकोर पाळला जातो, तरी त्यातून विश्वास आपोआप उगवत नाही, हे इथे आठवड्याला दिसतं. आमच्याकडे कोणी म्हणालं की वार नीट पाळला की बाकीचं देव बघेल, तर मला हा देश आठवतो.

पण म्हणून इथला रविवार पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीला, गोदामात खोकी उचलणाऱ्या माणसाला तो दिवस खरोखर मिळतो, आणि सगळ्यांना एकाच दिवशी मिळतो, त्यामुळे त्याला आपली मुलं घरी भेटतात. रुग्णालय अर्थातच चालू असतं आणि मीही रविवारी कामावर असते. तरी कायदा सांगतो की वर्षातले किमान १५ रविवार मोकळे हवेत आणि रविवारी काम केलं तर दोन आठवड्यांच्या आत बदली विसावा द्यायलाच हवा. रविवार वाचवण्यासाठी इथे चर्च आणि कामगार संघटना एका आघाडीत बसतात. हे पाहून मला आपले नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली ती या सत्यशोधकाच्या लढ्यामुळे. आमच्या मंडळ्यांमध्ये रविवारवर इतकी प्रवचनं होतात, त्यांत लोखंड्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

आता दोन्ही बाजूंच्या दाव्यांकडे येते. रविवार कॉन्स्टंटाइनने आणला हे खरं नाही. त्याचा हुकूम ३२१ सालचा. त्याच्या सुमारे पावणेदोनशे वर्षं आधी जस्टिन हुतात्मा या ख्रिस्ती लेखकाने रोममधले ख्रिस्ती लोक ‘सूर्याच्या दिवशी’ जमतात, वचन वाचतात, भाकर मोडतात, असं लिहून ठेवलं आहे. मात्र ते जमत उपासनेसाठी. सुट्टी त्यांना नव्हतीच. त्यांच्यात गुलाम होते, मोलकरी होते; रविवारी सगळ्यांप्रमाणे कामाला जात. सक्तीचा विसावा बादशहाने जोडला, तोही शहरापुरता. शेतकऱ्यांना त्याने मोकळीक ठेवली होती.

रविवारवाल्यांचाही एक दावा टिकत नाही. शब्बाथ रविवारवर हलवला, असं बायबलच्या नव्या करारात एकही वचन नाही. त्रोवस शहरात विश्वासणारे पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले, करिंथ शहरातल्या मंडळीने पहिल्या दिवशी वर्गणी बाजूला ठेवायची, एवढंच सापडतं. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट अनुयायांनी स्वतःच लिहिलं की शब्बाथाऐवजी रविवार पाळणं चर्चने तारणासाठी आवश्यक म्हणून ठरवलं असं मानणारे चुकतात. लोकांनी केव्हा जमायचं हे कळावं म्हणून एक दिवस ठरवला, इतकंच. लूथरच्या ‘मोठी प्रश्नोत्तरावली’ या शिकवणीच्या पुस्तकात तर कारण आणखी साधं आहे: आठवडाभर राबणाऱ्या गड्यांना आणि मोलकरणींना एक दिवस श्वास घेता यावा, आणि वचन ऐकायला सवड मिळावी.

मग आमच्याकडे रविवारला एवढी धार कुठून आली? माझ्या मते मिशनऱ्यांच्या घराण्यातून. १८१३ साली मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट वळणाचं, नंतरचे स्कॉटिश मिशनरी प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे. १६४० च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब या विश्वासाच्या जाहीरनाम्याप्रमाणे रविवार हाच ‘ख्रिस्ती शब्बाथ’ आणि दहांपैकी चौथी, शब्बाथाची आज्ञा त्यालाच लागू, असं ते मानत. आपल्या आजी-आजोबांनी रविवारी सुई-दोरा हातात घेतला नाही तो याच शिकवणीमुळे. पण तीच शिकवण शनिवारवाल्यांना दार उघडून देते. चौथ्या आज्ञेनेच दिवस पाळायचा असेल, तर त्या आज्ञेत सातवा दिवस लिहिला आहे, आणि विचारणाऱ्याचं तोंड बंद करता येत नाही. शनिवार पाळणारी सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी १८६३ साली अमेरिकेत स्थापन झाली, तीही हाच प्रश्न विचारते. पुण्यात त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे, त्यामुळे मराठी ख्रिस्ती लोकांना ती परकी नाही. आणि त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगते: त्यांच्या अधिकृत विश्वासलेखातही तारण कृपेने, विश्वासाद्वारेच आहे, शब्बाथ हे आज्ञापालनाचं फळ मानलं आहे. शनिवार पाळल्याने माणूस वाचतो, असं ते शिकवत नाहीत. घरोघरी वाद घालणाऱ्यांनी ती रेषा पुसली आहे.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तारण कृपेने, ते देवाचं दान, कर्मांनी नाही. पुढची ओळ मात्र आपण घाईत सोडतो: आपण सत्कर्मांसाठी निर्माण केलेले आहोत. या दोन ओळींत माझ्यासाठी सगळा क्रम आला. दिवस पाळणं दुसऱ्या ओळीत बसतं. ते पहिल्या ओळीत ढकललं की ख्रिस्ताने केलेलं कमी पडतं असा अर्थ होतो, आणि तो मला कोणाच्याही तोंडून, कोणत्याही वारासाठी, मान्य नाही. रविवार न पाळणारा नरकात जाईल असं ओरडणारा उपदेशकही तेच करतो, हे रविवारवाल्यांनी लक्षात घ्यावं. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्र लिहिताना एक दिवस मानणारा आणि सगळे दिवस सारखे मानणारा, दोघांनाही एकाच मंडळीत बसवलं, आणि दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण, असं विचारलं.

आमच्या रुग्णालयात इथिओपियाहून आलेल्या एक बाई सफाईचं काम करतात. त्यांचं प्राचीन ऑर्थोडॉक्स चर्च शनिवार आणि रविवार दोन्ही मानतं. पंधराव्या शतकात झरा याकोब राजाच्या काळात त्यांच्यात यावरून मोठा तंटा झाला आणि दोन्ही दिवस मानायचे असं ठरलं. त्यांना मी आमच्याकडचा वाद सांगितला. दोन दिवस पाळणाऱ्या त्या बाईला ठेकेदाराकडून आठवड्यात एक दिवस धड मिळत नाही. बायबलचं वचन मी आता अशा माणसांच्या बाजूने वाचते.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात, निर्गम आणि अनुवाद या दोन पुस्तकांत. निर्गमात शब्बाथाचं कारण आहे सृष्टीची उत्पत्ती: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण बदलतं: तू मिसरात दास होतास, हे आठव. आणि दोन्हीकडे यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरं, वेशीच्या आतला परका. अनुवादात तर स्पष्टच म्हटलं आहे, तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू अठरा वर्षं वाकलेल्या बाईला शब्बाथाच्या दिवशीच सरळ करतो आणि सभास्थानाच्या अधिकाऱ्याला विचारतो, तुम्ही आज बैल-गाढव गोठ्यातून सोडून पाण्याला नेता ना? मग या अब्राहामाच्या कन्येला आज सोडवायचं नाही का? रुग्णांना उठवून बसवणं माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा उतारा माझ्या फार जवळचा. यात वार बदललेला नाही आणि मोडलेलाही नाही. तो ज्याच्यासाठी दिला होता त्याला पोहोचवला आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांना आपण ‘शनिवार तेली’ म्हणत आलो, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. मिशनरी यायच्या कितीतरी आधीपासून मराठी मुलखाने शब्बाथ पाहिला आहे, आणि त्या वेगळेपणावरून शेजारीपण तुटलं नाही. एकाच प्रभूचं नाव घेणाऱ्या दोन मंडळ्यांना एवढं जमू नये?

घरच्यांना मी दोन गोष्टी मागते. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकानं वर्षभर रोज उघडी राहू शकतात, कामगाराला साप्ताहिक सुट्टी द्यायची अट आहे. पण आपल्या घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईला हक्काची सुट्टी क्वचितच असते. उपासनेला निघताना तिला कामावर ठेवून जाणारी घरं दोन्ही मंडळ्यांत आहेत. तिचा एक पगारी दिवस आधी ठरवा, वार तिला विचारून. आणि शनिवार पाळणाऱ्या मुलाची परीक्षा शनिवारी आली, तर तारीख बदलून मिळावी म्हणून तो जो अर्ज करतो, त्यासोबत रविवारवाल्या पाळकाने, म्हणजे पास्टरने, शिफारसपत्र द्यावं. स्पर्धा परीक्षा बऱ्याचदा रविवारी सकाळी उपासनेच्या वेळीच असतात, तेव्हा शनिवारवाल्यांनी रविवारवाल्यांच्या मुलांसाठी तसंच करावं.