कोलायटिसच्या गोळ्या सोडून पैसे वाचत नाहीत

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा दीर्घकाळचा आजार. त्याच्या रुग्णांमध्ये एक मेसेज फिरतोय. संडासातून रक्त पडणं थांबलं की मेसालामाइन, म्हणजे ही सूज आटोक्यात ठेवणारी नेहमीची गोळी, बंद करा, कंपन्यांची धन कशाला करायची? परत त्रास झालाच तर स्टेरॉइड स्वस्त आहे. आणि ऐपत असेल त्याने थेट बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं महागडं औषध) इंजेक्शन घ्यावं, तोच कायमचा इलाज. तिन्ही सल्ले पैसे वाचवायच्या नावाखाली दिलेत आणि तिन्ही महागात पडणारे आहेत.

रक्त थांबलं म्हणजे आतड्याची सूज गेली असं नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आजार शांत असलेल्या 99 जणांवर लक्ष ठेवलं होतं. नियमित गोळ्या घेणाऱ्यांपैकी 89 टक्के लोकांचा आजार शांत राहिला, चुकवणाऱ्यांपैकी फक्त 39 टक्के लोकांचा. मेसेज पटतो, कारण मेडिकलचं बिल दर महिन्याला खिशातून जातं आणि बहुतेक विमा पॉलिसी ते देत नाहीत. पण आजार उलटला की हॉस्पिटलात भरती, सलाईन, पुन्हा कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) आणि बुडालेली रोजंदारी, हा सगळा हिशेब एकदम समोर येतो.

परवडत नसेल तर गोळ्या सोडू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सल्फासालाझिन जुनं आणि स्वस्त आहे, आजार शांत ठेवण्यात मेसालामाइनपेक्षा कमी नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते चालत नाही, सोबत फॉलिक अ‍ॅसिड लागतं, आणि पुरुषांमध्ये शुक्राणू कमी होतात, जे औषध थांबवल्यावर पूर्ववत होतात. मूल हवं असेल तर हे आधीच बोलून घ्यावं. आजार फक्त गुदाशयात असेल तर रात्री झोपताना घेतलेली सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची कांडी, तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा चांगलं काम करते. लाजेपायी ती नाकारणारे खूप आहेत, याचं फार वाईट वाटतं.

स्टेरॉइडची गोळी स्वस्त आहे, खरंय. भडका शमवायला ती लागतेही. पण आजार पुढे शांत ठेवण्याचं काम ती करत नाही. वारंवार घेतली तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. त्या उपचारांचा खर्च कोण धरणार? बरेच दिवस घेतलेली गोळी मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं.

आता इंजेक्शन. इन्फ्लिक्सिमॅब हे असंच एक बायोलॉजिक, ते एकदा घेऊन भागत नाही. सुरुवातीच्या तीन डोसनंतर साधारण दर आठ आठवड्यांनी ते चालू ठेवावं लागतं. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी हवीच, कारण दबून बसलेला टीबी उसळू शकतो. महाग म्हणजे सरस, हेही खरं नाही. ब्रिटनमध्ये स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या तीव्र कोलायटिसच्या 270 रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब आणि सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं जुनं औषध यांची तुलना झाली. 2016 च्या निष्कर्षांत परिणामात लक्षणीय फरक दिसला नाही, खर्च मात्र सायक्लोस्पोरिनचा कमी होता. साध्या औषधांनी ज्यांचं भागत नाही, त्यांचं आतडं बायोलॉजिकमुळे वाचू शकतं. आपल्याकडे बायोसिमिलर, म्हणजे बायोलॉजिकसारखीच पण स्वस्त औषधं, आल्यापासून त्यांना ते थोडं आवाक्यातही आलंय. पण सौम्य आजारात सुरुवातीलाच त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.