साखरपुड्यात पिस्तूल कशाला लागतं?

आत्ताच एका साखरपुड्याहून आलेय. साडीही बदललेली नाही. आधी हे लिहून काढते, नाहीतर आज झोप लागायची नाही.

मुलाकडचे एक गृहस्थ कमरेला पिस्तूल लावून लॉनभर फिरत होते. शर्ट मुद्दाम आत खोचलेला, सगळ्यांना दिसावं म्हणून. माझ्या ताईचा मुलगा सात वर्षांचा. त्याने विचारलं, "काका, खरं आहे?" तर त्यांनी ते काढून चक्क त्याच्या हातात दिलं. फोटोसाठी! मी धावत गेले आणि त्याचा हात धरला. "अहो ताई, मॅगझिन काढलंय, घाबरताय काय एवढ्या!" सगळे हसले. मॅगझिन काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते, हे परवाना बाळगणाऱ्या माणसाला माहीत नसावं?

मी बंदुकीच्या घरात वाढलेय. आमच्या आबांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची. डुकरं एका रात्रीत वायंगणातला, म्हणजे उन्हाळी, भुईमूग उकरून टाकायची, तिथे बंदूक लागायचीच. पण ती कधी खळ्यात पाहुण्यांसमोर आली नाही. दारू आणि छर्रे वेगळ्या पेटीत, किल्ली आबांच्या करदोट्याला.

एका रात्री काजूच्या बागेत पाला वाजला. आबांनी बंदूक खांद्याला लावली, बोट चापावर. आणि काय वाटलं कोण जाणे, हाक मारली, "कोण आसा रे थंय?" अंधारातून रडका आवाज आला, "आबानू, मी... बिया येचूक इल्लंय." शेजारच्या घरातला बारा वर्षांचा मुलगा. आबा पहाटेपर्यंत ओटीवर बसून होते. ठासलेली बंदूक रिकामी करायला सहसा बारच काढतात, तो बार त्यांनी उजाडल्यावर बांधात काढला. चहासुद्धा घेतला नाही.

आता लिहाल, "स्वसंरक्षण हा माझा हक्क आहे." जीव वाचवायचा हक्क आहेच. पण पिस्तूल बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, ती सरकारने अटींवर दिलेली परवानगी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पीक राखायला ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी वेगळा धरलाय. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली. लग्नाकार्यात हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग व्हॉट्सअॅपवर दर लग्नसराईत ते व्हिडिओ येतात कुठून? बीडमध्ये २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, तेव्हा कुठे चर्चा झाली की त्या एका जिल्ह्यात १,२०० हून जास्त शस्त्रपरवाने होते. खिरापत वाटावी तसे परवाने वाटले!

हो, खंडणीचे फोन येणारी माणसं आहेत, पोलीस दर वेळी वेळेवर पोचत नाहीत, मान्य. गुंडांकडचे गावठी कट्टे परवाना विचारून येत नाहीत, तेही खरं. १८७८ मध्ये इंग्रजांनी कायदा करून आपल्या लोकांच्या हातातली हत्यारं काढून घेतली, तो राग माझ्याही मनात आहे. पण त्या रागाचा आणि साखरपुड्यातल्या मिरवण्याचा काय संबंध?

मोकळीक सोडणं म्हणजे काय ते मी आबांकडे पाहिलंय. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. लोकसभेची असली तर बहुतेक वेळा नेमकी एप्रिल-मेमध्ये, भुईमूग जमिनीत असताना. आबा चिडायचे, तलाठ्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचे, पण गोणपाटात गुंडाळून नेऊन द्यायचे आणि पावती घडी करून पाकिटात ठेवायचे. डुकरं भुईमूग खायची. ते नुकसान त्यांनी सोसलं, आणि इथे एका माणसाला चार तास पिस्तूल घरी ठेवून येववलं नाही.

तो काजूच्या बिया वेचणारा मुलगा आज दोन लेकींचा बाप आहे. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला सगळ्यात पुढे तोच होता.

तो फोटो आता फॅमिली ग्रुपवर आलाय, खाली हार्ट पडतायत. मी मोठा करून पाहिला. भाच्याचं बोट चापावर आहे. ताई, तुझ्या सासरचे रागावतील हे मला कळतं, पण उद्या सकाळी मी तो फोटो घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे.