सहा मिनिटं आणि पोदेर

गोव्यात कुठलंही काम सांगताना मुदत एकच असते: चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी. घर रंगवायचं चवथीच्या आधी, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळांची जमवाजमव चवथीच्या आधी, भांडणं मिटवायची तीही चवथीच्या आधी. त्यामुळे प्राचार्य जेव्हा म्हणाले, "सर, इतिहासाचा एक ऑनलाइन कोर्स करून टाका, चवथीच्या आधी," तेव्हा मी सवयीनं मान हलवली. बावीस वर्षं खडूनं शिकवलेला माणूस मान हलवण्यात तरबेज असतो.

आधी एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. ते देणाऱ्या तरुणानं सांगितलं की २०१४ साली एका अमेरिकी अभ्यासात एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचे, व्हिडिओ पाहिल्याचे ६९ लाख प्रसंग तपासले आणि असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, मुलं साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत. ही माहिती त्यानं आम्हाला अडीच तासांत दिली. मग रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे नियम आले. पडद्यावर लिहिलेलंच वाचून दाखवू नका, असा एक नियम त्यानं पडद्यावरून वाचून दाखवला. दुसरा नियम असा की धड्याशी संबंध नसलेले आवाज, संगीत, चित्रं काढून टाका. हा मी वहीत दोनदा अधोरेखित केला. माझं घर डिचोली तालुक्यात भर वाड्यात आहे, याचा त्या क्षणी विसर पडला होता.

सहा मिनिटं! वर्गात माझी हजेरीच सहा मिनिटं चालते. विषय निवडला १५५६ चा छापखाना. भारतातला पहिला छापखाना गोव्यात उतरला तो खरं तर चुकूनच. जहाज निघालं होतं अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत गोव्याला थांबलं, पुढचं जाणं बारगळलं आणि यंत्र जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात राहिलं. मला ही गोष्ट मनापासून आवडते. गोव्यात चार दिवसांसाठी येऊन कायमचे राहिलेल्यांची परंपरा किती जुनी आहे बघा. पण सहा मिनिटांत बसवताना राशोलचा छापखाना गेला, १६१६ साली तिथं छापलेलं फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण गेलं, त्यातली रोमन लिपीत छापलेली मराठी ओवी गेली. काट मारताना पोटच्या पोराला शाळेतून काढल्यासारखं वाटलं.

मग जागेचा शोध. हॉलमध्ये आईची मालिका. पडवीवर पत्रा आणि पत्र्यावर ऑगस्टचा पाऊस. मागच्या खोलीला लागून शेजारच्या पोरांची आरतीची तालीम, घुमट आणि शामेळ या वाद्यांसकट. त्यांना गप्प बसा म्हणायला गेलो होतो. पण २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसावाद्य जाहीर केलंय. इतिहासाच्या मास्तरानं वारशाला गप्प कसं करायचं? परत आलो. शेवटी स्वयंपाकघराशेजारची कोठीची खोली ठरली. मोबाईल तांदळाच्या डब्यावर, डबा स्टुलावर, पंखा बंद. लेकानं कॉलरला माइक लावला आणि म्हणाला, "पप्पा, नैसर्गिक बोला." नारळांच्या ढिगाकडे बघत नैसर्गिक बोलणं जमायला सात प्रयत्न लागले.

सातव्याला आई आत आली.

"कोणाशी बोलतोस रे?"

"विद्यार्थ्यांशी."

तिनं नारळांकडे पाहिलं. "कुठं आहेत?"

"नंतर येतील."

ती काही बोलली नाही. रात्री मात्र तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

(एक आठवण मधेच सांगतो. २०२० साली सत्तरी-सांगे भागातली मुलं नेटवर्कसाठी डोंगर चढून बसायची. माझा एक विद्यार्थी तिथून हजेरी द्यायचा, तेव्हा मागे मोर ओरडायचा. मी त्या वेळी पुस्तकातले परिच्छेद जसेच्या तसे वाचत होतो आणि ते ऐकायला तो पोर पावसात डोंगरावर बसत होता. आवाजाबद्दल तक्रार त्यानं करायला हवी होती, तीही माझ्या.)

आठवा प्रयत्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सगळं सुरळीत चाललं होतं. मी म्हणालो, "हे यंत्र मुळात गोव्याला यायचंच नव्हतं, ते निघालं होतं..." आणि दारात पोंऽऽ पोंऽऽ! पोदेर, म्हणजे सायकलवरून उंडे, पोई असले पाव विकणारा. आतून बायको, "अहो, सहा उंडे घ्या हो!" मी हट्टानं कॅमेऱ्याकडे बघत "अ‍ॅबिसिनियाला!" असं ओरडलो आणि पुढे बोलत राहिलो. धडा संपला आणि लाईट गेली, ती रात्रभर आली नाही. फोनची शेवटची चार टक्के बॅटरी घालवून तोच व्हिडिओ पाठवला.

आठवड्यानं आकडे बघितले. त्रेचाळीस मुलांनी पाहिला होता, सरासरी तीन मिनिटं. मी हिरमुसलो. लेक म्हणाला, "पप्पा, दुप्पट वेगानं बघतात. म्हणजे पूर्ण बघितलाय." ज्या वाक्यांवर मी जीव टाकला, ती पोरांनी मासळीच्या लिलावाच्या वेगानं ऐकली होती.

सरकारी 'स्वयम्' कोर्सेसचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चा. आम्हीही तसेच ठेवले होते. चर्चेचा भाग ओसाड पडणार अशी माझी खात्री होती. तिथं एकतीस नोंदी! पहिली: "सर, उंडे घेतले का?" मग कुणाच्या गावचा पोदेर भारी, कुणाचा उंडा लहान झालाय, पोई गरम खावी की रात्रीची उरलेली. छापखान्याबद्दल अवाक्षर नाही. मला राहवलं नाही. मी लिहिलं की पाव पोर्तुगिजांनी आणला, पोदेर हा शब्द त्यांच्या 'पादेइरो'वरून आला आणि पीठ फुगवायला इथं माडाची सूर, म्हणजे माडी वापरत. त्यावर सतरा प्रश्न आले. बावीस वर्षांत एका दिवसात सतरा प्रश्न मला कुणी विचारले नव्हते.

स्वाध्यायात पाच प्रश्न होते. चारांच्या उत्तरांत बेफाम कल्पनाशक्ती होती. एकानं तर छापखाना १९६१ साली आणला. पण जहाज कुठं निघालं होतं, याचं उत्तर त्रेचाळीसपैकी एकेचाळीस जणांचं बरोबर. मी वर्गात कारण विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, हॉर्न वाजल्यावर तुम्ही ओरडलात ते."

मेयरसाहेबांचे प्रयोग खोटे असं मी म्हणत नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत पोदेर येत नसेल, इतकंच.

तपासणी समितीचा अभिप्राय आला: पार्श्वभूमीला अनावश्यक आवाज, पुन्हा चित्रित करावे. केलं. गाडीत बसून, काचा वर करून, घाम पुसत. अगदी स्वच्छ आवाज. अकरा जणांनी पाहिला. चर्चेत एकच नोंद: "सर, पोदेर खंय गेलो?"

दुसऱ्या धड्याच्या आदल्या संध्याकाळी मी पोदेराला फाटकापाशी गाठलं. सगळं समजावून सांगितलं: या धड्यात तीन सनावळ्या महत्त्वाच्या आहेत, मी खिडकीतून हात दाखवला की वाजवायचं. त्यानं सायकल स्टँडवर लावली, टोपलीवरचं प्लास्टिक सारखं केलं आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"वाजयतां मास्तर. तीन फावटीं वाजयतां. पूण उंडे कितले?"

आतून आवाज आला, "सहा!"